अंगठ्याचा तंबोरा

आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात सासूबाईंचा तंबोरा गवसणी घालून एका कोपऱ्यात आडवा ठेवलेला असतो. बेचाळिसाव्या वर्षी मी क्लासिकल गिटार शिकायला घेतली तेव्हा त्याच कोपऱ्यात तिलाही जागा करून दिली. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी दोन प्रश्न विचारले. एक, "हिच्याबरोबर गाणार कोण?" आणि दोन, "अगं, हिचा गंधार चढा का लागतो?" म्हणजे 'ग' हा स्वर हवा त्यापेक्षा किंचित वर का जातो. पहिल्याचं उत्तर द्यायला मला सहा महिने लागले, दुसऱ्याचं दोन वर्षांनी सापडलं. ज्यांना ही गिटार शिकायची आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणी शिकतंय आणि रोज तेच ते टिंगटिंग ऐकून जीव मेटाकुटीला आलाय, त्यांच्यासाठी दोन्ही उत्तरं फोड करून सांगते.

आधी गिटार कोणती ते बघू, कारण घोटाळा इथूनच सुरू होतो. कॉलेजच्या कट्ट्यावर दिसते ती स्टीलच्या तारांची. एकजण कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वर एकदम, झोडतो, बाकीचे गातात. आपल्या शास्त्रीय संगीतात ऐकू येते ती वेगळीच : ब्रिजभूषण काबरांनी मांडीवर आडवी ठेवून, तारांवर सळई फिरवून राग वाजवले. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी पुण्यातल्या कितीतरी घरांत असेल. क्लासिकल गिटार या दोन्हींपेक्षा निराळी. हिच्या वरच्या स्वरांच्या तीन तारा साध्या नायलॉनच्या, खालच्या स्वरांच्या तीन तारांना आत तलम धाग्यांचा गाभा आणि बाहेरून धातूची बारीक गुंडाळी. मान रुंद, टोकाशी साधारण ५२ मिलिमीटर. स्टीलवाल्या गिटारीची त्रेचाळीस-चव्वेचाळीस असते. हा आठ-नऊ मिलिमीटरचा फरक ऐषारामासाठी नाही. इथे प्रत्येक तार वेगळ्या बोटाने छेडायची असते, म्हणून दोन तारांमध्ये बोट शिरायला जागा लागते.

एक काम चुकूनही करू नका : हिला स्टीलच्या तारा लावू नका. "आवाज जरा खणखणीत होईल" असं एका दुकानातल्या मुलाने सांगितलं, मी मान डोलावली, आणि तिसऱ्या रात्री फटाका फुटावा तसा आवाज होऊन घोडी, म्हणजे तारा बांधायची पट्टी, पोटावरून उखडून आली. नायलॉनच्या सहा तारा मिळून घोडीला साधारण चाळीस किलोचा ताण देतात, स्टीलच्या सत्तरच्या आसपास. नायलॉनच्या हिशेबाने केलेलं पातळ लाकूड तो कसा सोसणार? आज दिसते ती या गिटारीची घडण मुख्यतः स्पेनमधल्या आल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराची. त्याच्या काळी तारा जनावराच्या आतड्याच्या असत. नायलॉन आलं ते १९४०च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धात आतड्याच्या तारा मिळेनाशा झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या आल्बर्ट ऑगस्टीनने त्या करून पाहिल्या आणि आंद्रेस सेगोव्हियासारख्या थोर वादकाने त्या उचलून धरल्या.

आता पहिला प्रश्न. गाणार कोण? कुणीच नाही. म्हणजे गिटारच गाणार आणि गिटारच साथ करणार.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण आपल्या कानाला ते अवघड जातं. आपण वाढलो ते एका वेळी एकच सुरावट ऐकत. गायक गातो, पेटी त्याच्या मागून जाते, तंबोरा खाली अखंड चालू असतो. तिथे माणसं तीन असतात, कामं वाटलेली असतात. क्लासिकल गिटारीत ही तिन्ही कामं एका उजव्या हाताच्या चार बोटांकडे येतात. अंगठा खालचे जाड स्वर सांभाळतो, तो तंबोरा. तर्जनी आणि मधलं बोट मधल्या तारांवर भरणा करतात, ती पेटी. आणि अनामिका बहुतेक वेळा सगळ्यात बारीक तारेवर गाणं म्हणते. करंगळीला सुट्टी. स्वरलिपीत या बोटांना स्पॅनिश नावांच्या आद्याक्षरांनी दाखवतात : पी, आय, एम, ए. पुल्गार म्हणजे अंगठा, इंदिसे तर्जनी, मेदिओ मधलं, आनुलार अनामिका. पहिल्या दिवशी ही नावं पाठ होतात, आणि बोटं ऐकायला लागायला वर्ष जातं.

गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, छळच. सगळ्यात ठळक ऐकू यायला हवी ती सुरावट, आणि ती दिलेली असते सगळ्यात दुबळ्या बोटाला. अनामिका एकटी उचलून बघा, शेजारची बोटं सोबत ओढली जातात. उलट अंगठा मुळातच दांडगा, जाड तारेवर पडतो आणि सगळ्यांना झाकून टाकतो. त्यामुळे नवशिक्याच्या गिटारीत तंबोरा ओरडतो आणि गायिका घशात बोलते. माझे पहिले सहा महिने यातच गेले. सर म्हणायचे, "अंगठ्याला जरा मागे बसवा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी फार झाली तरी तोंडात तेच येतं.

उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. मोकळ्या तारांवर, डावा हात मांडीवर ठेवून, अंगठा-तर्जनी-मधलं-अनामिका असं अत्यंत सावकाश वाजवायचं. इतकं सावकाश की ठाय लयीतला ख्यालही उडता वाटावा. मग त्यातला एकच स्वर मोठा करायचा, बाकीचे तीन दबलेले. आधी अनामिकेचा, मग मधल्या बोटाचा, मग तर्जनीचा. इटलीचा माउरो जुलियानी (१७८१–१८२९) याने यासाठी उजव्या हाताचे १२० पलटे लिहून ठेवले आहेत, आणि त्या सगळ्यांत डाव्या हाताला कॉर्ड जवळजवळ दोनच. सारखे दोनच कॉर्ड का? डाव्या हातात नवं काही नसेल तरच लक्ष उजवीकडे राहतं म्हणून. ज्यांनी तबल्याचा एखादा कायदा महिनोन्महिने घोटलाय त्यांना हे वेगळं समजवायला नको.

डाव्या हाताचं दुखणं सगळ्यांना दिसतं, कारण बोटांची टोकं लाल होतात. खरं तर ते दुखणं तीन आठवड्यांचं. बोट दोन पडद्यांच्या मधोमध न ठेवता पुढच्या पडद्याला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्टीला, अगदी खेटून ठेवलं की निम्म्या जोरात स्वर स्वच्छ येतो. मागे राहिलं की तार पट्टीवर नीट बसत नाही आणि झणझण येते. मग आपण घाबरून आणखी दाबतो, मान आवळतो, मनगट धरतं. खरी अडचण वेगळी आहे. अंगठ्याने छेडलेला खालचा स्वर चार मात्रा टिकायला हवा असेल, तर डाव्या हाताचं बोट चारही मात्रा तिथून हलता कामा नये, आणि त्याच वेळी उरलेल्या तीन बोटांनी वरची सुरावट चालवायची. बोट उचललं की तंबोरा बंद. सतारीत असं धरून ठेवण्याचं ओझं सहसा नसतं. इथे ते पहिल्या धड्यापासून असतं.

नायलॉनच्या तारेचा स्वर फार जगत नाही. छेडला की लगेच विझायला लागतो. आपल्यासारखी लांब मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढायची सोय नाही. मग लांब स्वराचा भास निर्माण करायला एक युक्ती आहे : अंगठा खाली एकदा, आणि वरच्या एकाच तारेवर अनामिका, मधलं, तर्जनी असे तीन ठोके, भराभर. ऐकणाऱ्याला स्वर अखंड थरथरतोय असं वाटतं, संतूरवर वाटतं तसंच. फ्रान्सिस्को तारेगाची (१८५२–१९०९) 'रेकुएर्दोस दे ला अल्हाम्ब्रा' ही रचना सगळी यावरच उभी आहे. निम्मे लोक ती ऐकून गिटार घेतात आणि दुसऱ्या महिन्यात ती वाजवायला बसतात. माझं मत विचाराल तर पहिली तीन वर्षं तिच्या वाटेला जाऊ नये. त्याऐवजी कारुल्ली, कार्कास्सी, फर्नांदो सोर यांचे छोटे छोटे अभ्यास घ्यावेत. दिसायला पाव पानाचे असतात, पण प्रत्येकात एक नेमकी गाठ असते.

तार छेडायच्या रीतीही दोन. एकीत बोट तार छेडून शेजारच्या जाड तारेवर विसावतं, आवाज भरदार येतो. दुसरीत बोट हवेतून तळव्याकडे जातं, शेजारची तार वाजत राहते. एकटी सुरावट असेल तर पहिली, तारा एकमेकींत मिसळायच्या असतील तर दुसरी. पहिलीला अपोयांदो म्हणतात, दुसरीला तिरांदो.

आता नखं. उजव्या हाताची नखं बोटाच्या टोकापेक्षा दीड-दोन मिलिमीटर पुढे हवीत, डाव्या हाताची अजिबात नकोत. तार आधी मांसाला लागते, मग नखावरून सुटते. नुसत्या मांसाने आवाज मऊ आणि बारका, नुसत्या नखाने पत्र्यासारखा. नखाची कड एकदम गुळगुळीत लागते. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातला सगळ्यात बारीक पॉलिश पेपर उत्तम, सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात जायची गरज नाही. मात्र वरण-भात हाताने जेवणाऱ्या घरात ही नखं कायम हळदीने पिवळी राहतात आणि भांडी घासताना बरोबर कार्यक्रमाच्या आठवड्यात मोडतात. कणीक मी आता डाव्या हाताने मळते. पोळ्यांवर परिणाम झालाय असं घरातल्यांचं म्हणणं आहे.

बसायची पद्धतही ठरलेली. गिटार उजव्या नव्हे, डाव्या मांडीवर, आणि डावा पाय जमिनीपासून साधारण वीतभर उंच. गिटारीची मान तिरकी वर जाते, तिचं डोकं आपल्या डोळ्यांच्या पातळीला येतं, त्यामुळे डाव्या हाताचं मनगट मोडत नाही. पायाखाली घ्यायची घडीची चौकी मिळते. ती येईपर्यंत देवघरातला छोटा चौरंग घेऊ का, असं मी विचारलं. सासूबाईंनी फक्त बघितलं. मग जेवणाचे तीन पाट एकावर एक रचले.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण पुण्यात हा प्रश्न आज ना उद्या कुणीतरी विचारतंच.

गिटारीच्या तारा आपल्या भाषेत अशा लागतात. सगळ्यात जाड सहाव्या तारेला सा धरा. पाचवी तिच्या मध्यमावर, म्हणजे 'म'वर. चौथी पाचवीच्या मध्यमावर, तिसरी चौथीच्या मध्यमावर. दुसरी मात्र तिसरीच्या शुद्ध गंधारावर, आणि पहिली पुन्हा दुसरीच्या मध्यमावर. अशी उडी मारत गेलं की पहिली तार सहावीच्या बरोब्बर दोन सप्तकं वर येते. ही एक गंधाराची अडगळ मध्येच का, तर पाचही ठिकाणी मध्यम ठेवला असता तर पहिली तार अर्धा स्वर वर गेली असती आणि बरेचसे कॉर्ड बोटांच्या आवाक्याबाहेर गेले असते. म्हणून जुळवताना पाचव्या पडद्यावर दाबून पुढच्या तारेशी मिळवतात, फक्त तिसऱ्या तारेवर चौथा पडदा.

पडद्यांचा हिशेब असा. मोकळी तार ६५० मिलिमीटर. बाराव्या पडद्यावर निम्मी, ३२५, म्हणजे तार सा. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे म्हणून प्रत्येक पडदा उरलेल्या लांबीच्या साधारण १७.८व्या हिश्शाने पुढे सरकतो. पहिलं घर ३६ मिलिमीटरचं, बारावं जेमतेम १९. या वाटणीत पंचम जवळजवळ निर्दोष येतो. तारेचा दोन-तृतीयांश भाग म्हणजे ४३३.३ मिलिमीटर हवा, मिळतो ४३३.८. गंधार मात्र फसतो. तंबोऱ्यात जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो तारेच्या चार-पंचमांशावर, ५२० मिलिमीटरवर. गिटारीचा चौथा पडदा ५१६वर आहे. चार मिलिमीटर आखूड तार, म्हणून स्वर चढा. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा भाग. सासूबाईंचा कान चौदा भागांना फसत नाही.

"मग पडदा सरकव ना मागे," त्या म्हणाल्या. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, राग बदलला की सरकवतात. गिटारीचे लाकडात ठोकलेले. पण ठोकलेले नसते तरी उपयोग नव्हता, कारण तो एकच पडदा सहा तारांखालून जातो. एका तारेवर तो गंधार असेल, शेजारच्या तारेवर धैवत. एकीचं भलं करायला जावं तर दुसरी रुसते. मग खुंटी पिळून तारच उतरवली तर? पहिली मोकळी तार घ्या. सी मेजर या कॉर्डमध्ये ती गंधार असते. ती चौदा भाग उतरवली की सा-ग-प असा काही लागतो की अंगावर काटा यावा. पण पुढच्याच ओळीत ए मेजर आला की तीच तार पंचम होते, ई मेजरमध्ये षड्ज होते, आणि दोन्हीकडे ती आता बेसूर. एका षड्जावर तासभर बसणाऱ्या संगीताला शुद्ध गंधार परवडतो. दर दोन मात्रांनी षड्ज बदलणाऱ्या संगीताला सगळीकडे थोडं थोडं चुकावं लागतं.

सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे पेटीच की ही," म्हणाल्या, आणि तंबोऱ्याची गवसणी काढायला लागल्या.

स्वरलेखनाबद्दल थोडंच. भातखंडे पद्धत येत असेल तर ताल आणि मात्रेचं निम्मं काम झालं. पाच रेघांवरचे ठिपके वाचणं चार-सहा महिन्यांत जमतं. अडतं कुठे, तर पेटीवर एका स्वराला एकच पट्टी असते, गिटारीवर तोच स्वर चार जागी मिळतो : पहिली तार मोकळी, दुसरीचा पाचवा पडदा, तिसरीचा नववा, चौथीचा चौदावा. उंची तीच, पण जाड तारेवर तो जास्त घुमटदार. कोणता घ्यायचा हे लिहिणारा वर्तुळातल्या आकड्याने सांगतो, किंवा सांगतच नाही. तारेगाला नेमकी तार हवी असते. त्याचं म्हणणं मोडून सोपी जागा शोधली की तुकडा वाजतो, पण रंग जातो.

परीक्षा हव्याच असतील, आणि पुण्यात त्या हव्याच असतात, तर ट्रिनिटी कॉलेज लंडन आणि एबीआरएसएम या दोन ब्रिटिश परीक्षासंस्थांच्या प्रत्येकी आठ ग्रेड आहेत. प्रारंभिक ते विशारद असा आपला जिना असतो तसाच. एबीआरएसएममध्ये सहावीपासून पुढे जायला आधी पाचवीची थिअरी लागते, हे मुलं बारावीत गेल्यावर कळू नये म्हणून आत्ताच सांगितलं.

रोज वीस मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. रविवारी तीन तास बसून काही होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी नदीपात्रातले ढोल सुरू झाले की नायलॉनची गिटार स्वतःलाही ऐकू येत नाही, त्या दोन महिन्यांत पहाटेचा रियाझ आपोआप होतो. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा पडद्यांपासून जरा उचलल्या जातात, बोटांना जड लागतं. एवढ्याने काही बिघडत नाही, गिटार ठेवायच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. भीती बाळगावी ती मार्च-एप्रिलची. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, पडद्यांची टोकं मानेच्या कडेला बोचायला लागतात, आणि तेही दुर्लक्षलं तर पोटाला चीर जाते. उन्हाळ्यात पेटी बंद ठेवायची आणि आत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज. पंख्याखाली, भिंतीला टेकवून गिटार ठेवणाऱ्यांना मी सांगणं सोडून दिलंय.

तारा साधारण तीन-चार महिन्यांत मरतात. आधी खालच्या मरतात. घामाने गुंडाळी काळी पडते आणि आवाज बोदा होतो. नवीन नायलॉन मात्र चार-पाच दिवस ताणत राहतं, जुळवली की उतरते, जुळवली की उतरते. त्यामुळे कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी तारा बदलाव्यात, आदल्या रात्री कधीही नाही. हे मला ठाऊक होतं. तरीही सोसायटीच्या गणपतीत वाजवायचं होतं त्याच्या आदल्या रात्री पहिल्या तारेला पडद्यापाशी खाच दिसली, भीती वाटली, आणि फक्त तेवढीच बदलली. दुसऱ्या दिवशी कार्कास्सीचा सी मेजरमधला छोटा तुकडा. मांडवात बसण्याआधी दोनदा जुळवली. वाजवता वाजवता ती हळूहळू उतरत असल्याचं मला कळत होतं, पण मध्येच थांबून खुंटी पिळायचा धीर झाला नाही. शेवटचा कॉर्ड आला, सा-ग-प, वर मोकळी पहिली तार.

पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर सासूबाई होत्या. मी खाली उतरले तेव्हा त्यांनी माझा उजवा हात, नखं सांभाळून, हातात घेतला.

"आज गंधार लागला हं तुझा," त्या म्हणाल्या.